जेवणानंतरची पुडी

दर दहा दिवसांनी, सकाळचा चहा झाला आणि कपबशा विसळून पालथ्या घातल्या, की कंपाउंडर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरायचे. त्यावर पांढऱ्या कागदाचे दहा चौकोन, पाच-पाचच्या दोन ओळींत. मग कपाटातून छोटा तराजू, पितळी वजनांची डबी, एक पातळ पात्याची सुरी आणि सगळ्यात शेवटी डार्क चॉकलेटची वडी. चांदीचा कागद सोलायचा, सुरीने खरवडून वडीचा बारीक चुरा करायचा, बरोबर दहा ग्रॅम तोलायचा आणि एकेका चौकोनावर ओतायचा. एखादा कण पारड्यात जास्त पडला तर सुरीच्या टोकाने उचलून परत घ्यायचा. शेवटी पुड्या बांधायच्या आणि प्रत्येकीवर तारीख घालायची. या कामाला पाऊण तास लागायचा आणि उठताना गुडघे कुरकुरायचे.

कुणी खिडकीतून पाहिलं असतं तर म्हातारा कामातून गेला असंच म्हटलं असतं. तसं काही नव्हतं. चौतीस वर्षं एका दवाखान्यात पुड्या बांधून, मिक्स्चरच्या बाटल्यांना खुणेच्या कागदी पट्ट्या चिकटवून माणूस घरी बसला होता. डॉक्टर गेले, दवाखान्याच्या जागी मोबाईल दुरुस्तीचं दुकान आलं, आणि डॉक्टरांच्या मुलाने आठवण म्हणून हा तराजू यांच्या हातात दिला. दुसऱ्या कुणी तो काचेच्या कपाटात ठेवला असता. यांनी त्याला कामाला लावलं.

दवाखान्यात एक छोटी खिडकी होती. बाहेर रोगी, आत कंपाउंडर. खिडकीतून बाटली पुढे सरकवायची, "दिवसातून तीनदा" म्हणायचं. पुडी सरकवायची, "जेवणानंतर" म्हणायचं. हे कशाचं औषध, असं कुणी विचारलं तर "डॉक्टरांना विचारा". लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधात ते स्वतःच्या मनाने दोन थेंब संत्र्याचा वास घालायचे, पण तेही कुणाला सांगायचे नाहीत. कडू पुडीला तोंड वेंगाडणाऱ्याला मात्र एक युक्ती सांगायचे, "जिभेच्या पार मागे टाका आणि वरून ग्लासभर पाणी प्या. चव कळत नाही." दिवसभरात त्यांच्या तोंडून निघणारं सगळ्यात लांबलचक बोलणं ते हेच.

घरी बोलायचं खातं बायकोकडे होतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आठ तास कानाला यंत्र लावून परक्या माणसांशी बोलायची आणि घसा बसवून घरी आली तरी चप्पल काढता काढता सुरू व्हायची. कोणाचा फोन कुठे लागला, कोण कोणावर खेकसलं, चार वाजता सगळ्याजणींनी मिळून चॉकलेटची केवढी मोठी वडी फस्त केली. गोडावर तिचा भारी जीव. पर्स उलटी केली की चांदीच्या कागदाचे गोळे टपाटप पडायचे. आणि रोज संध्याकाळी, भांडी घासून झाली की हात पुसत बाहेर यायची आणि विचारायची, "उद्या काय करू जेवायला?" कंपाउंडर वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे, "काहीही कर." एकतीस वर्षं हाच प्रश्न आणि हेच उत्तर. यात प्रेम कुठे होतं असं कुणी विचारलं असतं तर दोघांनाही सांगता आलं नसतं.

मग दोन वर्षांपूर्वी तिला हृदयविकाराचा झटका आला. बारा दिवस इस्पितळात काढून ती घरी आली ती निम्मीच आली. निघताना डॉक्टरांनी एक कागद दिला होता. मीठ किती, तेल किती, साखर बंद, चालणं किती. कागद कंपाउंडरच्या हातात पडला आणि घराचा दवाखाना झाला. स्वयंपाक त्यांनी आपल्याकडे घेतला. मीठ तराजूवर, तेल चमच्याने, भात वाटीने. दीड वाजता जेवण, पावणेदोनला सहा गोळ्या एका वाटीत, शेजारी पाण्याचा ग्लास. गोळ्या ठेवून ते भांडी घासायला मोरीशी जायचे. दोन वर्षांत त्यांनी एकदाही वेळ चुकवली नाही. थकले होते, फार थकले होते. कधी कधी भांडी घासता घासता नळ तसाच वाहू देऊन उभे राहायचे आणि पुढचं भांडं हातात घ्यायचं त्राण येईपर्यंत भिंतीकडे बघत बसायचे. पण कागदावर लिहिलं होतं ते झालंच पाहिजे. बायको जगायला हवी असेल तर दुसरा रस्ता त्यांना माहीत नव्हता.

तिने कशालाच नाही म्हटलं नाही. ताट पुढे आलं की चार घास खायची, ताट बाजूला सारायची. आधी कपडे सैल झाले, मग बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. बोलणंही असंच उतरत गेलं. मुलगी दुसऱ्या शहरात असते, तिचा दर रविवारी फोन यायचा आणि ती विचारायची, "बाबा, आई फोनवर नुसती हं-हं का करते हो?" कंपाउंडर सांगायचे की रक्तदाब चांगला आहे. आणि तो प्रश्न, उद्या काय करू, तो कधी बंद झाला हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. एका संध्याकाळी वर्तमानपत्र वाचताना उगाचच चुकल्यासारखं वाटलं आणि मग कळलं की आपण उत्तर तयार ठेवून बसलो आहोत आणि विचारणारं कुणी नाही.

पाच महिन्यांपूर्वी तपासणीला गेले तेव्हा तिला रक्ताचा नमुना द्यायला पलीकडच्या खोलीत नेलं होतं. इकडे आहारवाल्या बाईंनी यांची वही पाहिली. दोन वर्षांचा एकूण एक ग्रॅम त्यात होता. बाईंनी पानं उलटली, चष्मा काढला आणि विचारलं की या वहीत त्यांना आवडणारं काय आहे? कंपाउंडरना प्रश्नच कळला नाही. बाई म्हणाल्या की साखर आणि रक्तदाब ठीक आहेत, वजन मात्र चार किलो उतरलंय, त्यांना खावंसंच वाटत नाही. काय आवडायचं? कंपाउंडरनी जरा चाचरत चॉकलेट म्हणून सांगितलं, एखाद्याची चोरी पकडून दिल्यासारखं. बाई म्हणाल्या, मग द्या की. डार्क द्या, सत्तर टक्क्यांच्या वरचं, छोटा तुकडा, दहा ग्रॅम, जेवण झाल्यावर. ते औषध नाही, त्याने काही बरंबिरं होत नाही आणि जास्त झालं तर तेही वाईटच. पण निवांत बसून, जिभेवर विरघळू देत, चवीने खाऊ देत. तुम्हीही बसा सोबत.

कंपाउंडरनी वहीत लिहून घेतलं: दहा ग्रॅम, दिवसातून एकदा, जेवणानंतर. एवढं लिहून वही मिटली. बाकीचं काही त्यांना लिहिण्याजोगं वाटलं नाही. चौतीस वर्षं डॉक्टरांच्या बोलण्यातून ते एवढंच तर उचलत आले होते.

वाटेतच त्यांनी वडी घेतली. सत्तर टक्के पुरतं, तर नव्वद टक्के आणखी चांगलं, म्हणून नव्वदवाली. घरी येऊन पाहतात तर तुकडे बारा आणि वजन शंभर ग्रॅम. म्हणजे एक तुकडा दहाला कमी आणि दोन केले तर जास्त. आता असल्या अडचणीत कंपाउंडर काय करणार? त्यांनी सुरी घेतली आणि अख्खी वडी खरवडली. दुसऱ्या दिवशी पावणेदोनला सहा गोळ्यांच्या वाटीशेजारी पहिली पुडी ठेवली, "जेवणानंतरची," म्हणाले आणि भांडी घासायला गेले. मोरीशी उभं असताना त्यांना एक गोष्ट जाणवली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आपण होऊन बायकोसाठी आवडीचं काही आणल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आता ती काहीतरी म्हणेल, म्हणून त्यांनी नळ बारीक केला. ती काही बोलली नाही. परत आले तेव्हा कागद रिकामा होता, नीट घडी घातलेला.

पाच महिने हेच चाललं. रोज नळ बारीक करायचा, रोज काही ऐकू यायचं नाही. कंपाउंडरनी मनाची समजूत घातली की खाते आहे ना, मग झालं. पण आत कुठेतरी ते खट्टू झाले होते. एवढं तोलून-मापून आवडीचं देतो आणि बाईसाहेब 'छान आहे' एवढंही म्हणत नाहीत. हा राग त्यांनी कुणाला सांगितला नाही, पुड्या मात्र अधिकच घट्ट बांधायला लागले.

परवाच्या तपासणीला दोघांना समोरासमोर बसवून आहारवाल्या बाईंनी वजनाचा आकडा सांगितला. आणखी दीड किलो कमी. बाई या वेळी गोड बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांत जेवण वाढलं नाही तर दाखल करून घ्यावं लागेल, नळी घालून अन्न द्यावं लागेल, आणि या वयात, या हृदयाला ते झेपेलच असं नाही. कंपाउंडर हे सगळं खाली मान घालून ऐकत होते. बायको खिडकीबाहेरच्या गाड्या बघत होती, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय. मग बाईंनी जरा आवाज खाली आणून तिला विचारलं, "आणि चॉकलेट? ते तरी आवडतंय का?"

"कुठलं चॉकलेट?" बायको म्हणाली.

बाईंनी कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडरनी बायकोकडे पाहिलं. इस्पितळात उशीर होईल म्हणून त्या दिवसाची पुडी ते सोबत घेऊन आले होते. त्यांनी ती खिशातून काढून टेबलावर ठेवली. बाईंनी पुडी सोडली, तो तपकिरी चुरा पाहिला, वास घेतला, तारीख वाचली. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ही होय," बायको म्हणाली. "ही मी रोज घेते. जिभेच्या मागे टाकते आणि वरून पाणी पिते. एक दिवस चुकवली नाही."

बाईंनी तिला हळूच विचारलं की वासावरूनही कळलं नाही का?

"वास ओळखीचा वाटायचा," ती म्हणाली. "म्हटलं, औषधाला वास लावला असेल. हेच नाही का खोकल्याच्या औषधात संत्र्याचा वास घालायचे?"

कंपाउंडर चमकले. ते तिला कधी कळलं होतं, आणि कोणाकडून? त्यांनी तर कुणालाच सांगितलं नव्हतं. पण हाताला येणारा संत्र्याचा वास रोज घरी यायचा आणि जी बाई आवाजावरून माणूस ओळखायची तिला नवऱ्याच्या हाताचा वास कळणार नाही, असं समजण्याइतके ते खुळे होते.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली. कंपाउंडरना वाटत होतं की हिने आता भांडावं. पूर्वी भांडायची तशी, आजूबाजूचे चार लोक वळून बघतील अशी. म्हणावं की काय हो, पाच महिने मला चॉकलेट पाण्याबरोबर गिळायला लावलंत. पण भांडायलाही अंगात जोर लागतो. तिने खिडकीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. दोन थांबे गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं, औषधात आणखी एकाची भर पडली. म्हणजे आता बरं व्हायचं काही खरं नाही."

 खिडकीच्या आत बसून कंपाउंडरनी आयुष्यभर लोकांना पुड्या सरकवल्या, कशाची ते सांगितलं नाही. बायकोलाही तेच केलं. तिच्यासाठी गंमत म्हणून जे आणलं ते तिला आजार वाढल्याची चिठ्ठी वाटली, आणि आपण मोरीशी उभे राहून कौतुकाची वाट बघत होतो. लाज वाटली त्यांना. आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती. पंधरा दिवस. ते मनात आकडे मांडत राहिले, पण हे कुठल्याच वजनात बसेना.

दुसऱ्या दिवशी जेवण दीडलाच झालं. तिने नेहमीसारखे चार घास खाल्ले, ताट सारलं. गोळ्या घेतल्या. कंपाउंडर भांडी घेऊन मोरीकडे निघाले, मग थांबले. भांडी तशीच ओट्यावर ठेवली, हात पुसले, कपाटातून नवी वडी आणली आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवली. सत्तर टक्केवाली, सकाळीच जाऊन आणलेली. अख्खी, वेष्टणासकट. तराजू काढला नाही. आणि स्वतः समोरची खुर्ची ओढून बसले. या वेळी या खुर्चीवर बसायची त्यांना सवय नव्हती, हात कुठे ठेवावेत कळेना.

"हे चॉकलेट आहे," ते म्हणाले.

"दिसतंय," ती म्हणाली. मग वडी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "किती घ्यायचं?"

दहा ग्रॅम हे उत्तर ओठांवर आलं होतं. ते परत गिळायला कंपाउंडरना अख्ख्या शरीराची ताकद लावावी लागली. "तुला हवं तेवढं," ते म्हणाले, आणि कपाळाला घाम आला.

तिने वेष्टण काढलं. चांदीचा कागद न फाडता, नखाने कडा सोडवत उघडला. एक्स्चेंजमध्ये चारच्या सुट्टीत उघडायची तसाच असणार, कंपाउंडरनी ते कधी पाहिलं नव्हतं. एक तुकडा मोडला, कटकन आवाज झाला. तो तिने यांच्यापुढे धरला.

"मला कशाला? हे पेशंटचं," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं तर तिने तुकडा आत घातलाच आणि दुसरा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी माणूस पहिल्यांदा डार्क चॉकलेट खात होता. कडू लागलं. जिभेने ते आपोआप मागे ढकललं आणि हात ग्लासाकडे गेला. तिने त्यांचं मनगट धरलं.

"पाणी नको. थांबा जरा."

ते थांबले. दोघंही गालात तुकडा धरून समोरासमोर बसली. बाहेर कुणीतरी गॅलरीत गादी झोडपत होतं. कडूपणा आधी तसाच राहिला, मग हळूहळू सैल झाला आणि त्याच्या मागून थोडंसं गोड आलं, अगदी थोडं. कंपाउंडरना वाटलं होतं त्यापेक्षा ते बरंच बरं होतं, पण खरं सांगायचं तर त्यांचं लक्ष चवीकडे नव्हतं. तिच्या हाताकडे होतं. तो अजून त्यांच्या मनगटावर होता आणि फार हलका झाला होता.

"मेलं किती कडू," ती म्हणाली. "आमच्या वेळचं दुधाचं असायचं." आणि तिने आणखी अर्धा तुकडा मोडला.

आठ आणि चार, बारा. कंपाउंडरचं डोकं आपलं काम करतच होतं. दोन ग्रॅम जास्त. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि टेबलाखाली पाय एकमेकांवर दाबून धरले. आता तिने तिसरा घेतला तर काय करायचं? बोलायचं की नाही? वहीत काय लिहायचं?

तिसरा तिने घेतला नाही. अर्धा संपवला, बोटाला लागलेलं चाटलं आणि उरलेल्या वडीवर चांदीचा कागद परत बसवायला घेतला. एकेक कोपरा दुमडून, नखाने दाबून. कंपाउंडर बघत राहिले. ती पुडी त्यांच्या पुडीइतकी चांगली नव्हती, एका बाजूला फुगली होती. पण तिच्यावर कुणी तारीख घातली नव्हती आणि कुणी थांब म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं हिला थांबायला सांगावं लागेल असं आपण कशावरून ठरवलं, ते त्यांना आठवेना.

टेबलाला हाताचा आधार देऊन ती उठली. वडी घेऊन सावकाश स्वयंपाकघरात गेली. डबा उघडल्याचा आवाज आला, झाकण लावल्याचा आला. मग बराच वेळ काही नाही. कंपाउंडरना वाटलं, तिला घेरी आली. ते उठायच्या बेतात होते, तेवढ्यात आतून आवाज आला. थकलेला, बसलेला, पण तिचाच.

"उद्या काय करू जेवायला?"

कंपाउंडर परत खुर्चीत बसले. 'काहीही कर' जिभेवर आलंच होतं, एकतीस वर्षं तिथेच तर राहत होतं. त्यांनी ते मागे ढकललं आणि खरोखरच विचार केला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते चष्म्याखालून पुसलं. आवाज नीट निघावा म्हणून एकदा खाकरले.

"बटाट्याची भाजी कर," ते म्हणाले. "तू करायचीस तशी. आणि मीठ तूच घाल."

आत भांडं सरकल्याचा आवाज झाला. दोन क्षण त्यांनी कळ काढली, पण राहवेना.

"बेतानं," ते म्हणाले.

"माहीत आहे हो मला," ती म्हणाली.